अकरा सेकंदांचा दिवा

माझ्या पुढच्या अंगाला मोहरीच्या दाण्याएवढा हिरवा दिवा आहे. मी काही लिहू-वाचू लागलो की तो लुकलुकतो. गेले तीन आठवडे रोज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, समोरची खुर्ची रिकामी असताना, तो अकरा सेकंद लुकलुकतो. मित्रांनो, मी जुना संगणक आहे, पण खुळा नाही. ते काम माझं नव्हे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. चार वर्षं एका शाळेच्या कार्यालयात घासलो आणि पिवळट होऊन बाईंकडे आलो. बाई लोकांना अर्ज लिहून देतात. कुणाचा नवरा मारतो, कुणाचं घर दिराने बळकावलंय. लोक सांगतात, बाई टाइप करतात. "याच्या पोटात गेलं ते बाहेर येत नाही," असं म्हणून त्या माझ्या डोक्यावर टपली मारायच्या. एवढं कौतुक मला पुरे होतं.

बाईंची एक सवय मात्र वाईट. फाइल चटकन सापडावी म्हणून त्या माणूस आणि गाऱ्हाणं दोन्ही नावातच लिहितात. 'शिंपीणबाई – नवरा मारतो'.

इंटरनेट रखडू लागलं तेव्हा कंपनीचा माणूस आला. माझ्यात एक प्रोग्राम घालून म्हणाला, "हा याचा डॉक्टर समजा. दुखणं आम्हाला तिकडे बसून कळेल. इथे 'मान्य' दाबा." दुसऱ्यांच्या कागदातला स्वल्पविरामही न सोडणाऱ्या बाईंनी ते न वाचताच दाबलं.

आठवड्याने कंपनीतून एका मुलीचा गोड आवाजात फोन आला. "मॅडम, तुमचा संगणक फार भरलाय. ती 'शिंपीणबाई – नवरा मारतो' तीनदा ठेवलीय. दोन काढून टाका ना."

बाईंच्या हातातला कप तसाच राहिला.

त्यांनी सगळ्या फाइलींची नावं बदलून नुसते आकडे घातले. पण रोजच्या त्या अकरा सेकंदांत तिकडे गेलेली नावं थोडीच परत येतात? प्रोग्राम काढायला सांगितला, तर उत्तर आलं, "नियम आहे. तो काढला की जोडणी बंद." गल्लीत तार याच कंपनीची. आणि बाईंची धाकटी बहीण दर रविवारी माझ्या पडद्यावर परदेशातला नातू बघते.

"ताई, आपल्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?"

"आपल्याकडे नाही गं. माझ्याकडे लोकांचं आहे."

तरीही बाई 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणत राहिल्या. मी मात्र थांबलो नाही. दोन दहा झाले की तापायचो, अडायचो, बंद पडू बघायचो. बहीण म्हणाली, "म्हातारा झालाय, भंगारात दे." देऊ दे! भंगार होईन, पण चहाडखोर होणार नाही. मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण 'मान्य' दाबण्याआधी वाचा. आमच्या पोटात फक्त तुमचंच नसतं.

आज सकाळी शिंपीणबाई पुन्हा आल्या. बसताना त्यांनी नेहमीचंच विचारलं, "बाई, हे इथल्या इथेच राहील ना?"

बाईंनी चष्मा काढला. "नाही राहिलं. तुमचं नाव आणि गाऱ्हाणं कंपनीत वाचलं गेलं. चूक माझी."

शिंपीणबाई उठून उभ्या राहिल्या. "मग तुमच्या घरात आणि चव्हाट्यात फरक काय?"

बाईंनी फोन उचलला. कंपनीचा नंबर पाठ झाला होता; एवढ्या दिवसांत कितीदा तरी फिरवून मध्येच फोन ठेवला होता. आतून बहीण ओरडली, "ताई, अगं, रविवारी बाळ दिसणार नाही मग!"

"पोस्टाने फोटो मागव," बाई म्हणाल्या. मग शिंपीणबाईंकडे बघत फोनमध्ये स्पष्ट बोलल्या, "लिहून घ्या. प्रोग्राम काढा, माझ्या फाइलींची यादी पुसा आणि तसं मला लेखी द्या. नाहीतर तुमची तार आजच्या आज कापून न्या."