मार्ग बदलण्याचा ठराव

नेरळला भाताच्या खाचरांवर उभ्या राहिलेल्या या सोसायटीत गेटपासून डी विंगपर्यंत इंटरनेटची एकच वायर होती. गेटवरच्या राउटरमध्ये रस्ता हाताने लिहून ठेवला होता: डी विंगचं सगळं याच वायरीने. रस्ताच एक असला की राउटरला विचार करायला लावण्यात अर्थ नसतो. कमिटीला हे तत्त्व मनापासून पटलेलं होतं.

मग क्लबहाउस झालं आणि तिथून वळसा घालून दुसरी वायर आली. डी विंगमधली तेजश्री घरूनच नोकरी करायची, नेटवर्कचीच. मांडीवर सहा महिन्यांचं मूल. साहेबाने बजावलं होतं, पुन्हा कॉल तुटला तर रोज ऐरोलीच्या ऑफिसला यायचं. तिने चेअरमन दशरथकाकांना गाठलं. सोसायटीखालची जमीन मूळची काकांची, त्यामुळे त्यांच्याविरुद्ध कुणी उभंच राहत नसे.

"काका, आता रस्ते दोन झाले. राउटरांनाच ठरवू द्या. एक वायर गेली की ते आपापसांत बोलून दुसरीकडून पाठवतात."

"आपापसांत? कमिटीला न विचारता?"

"लगेच होतं ते, काका."

"तेच म्हनतो मी. आज रस्ता ठरवतील, उद्या पार्किंग. मग आमी कशाला हाय गं?"

याला उत्तर होतं, पण तेजश्रीला याच सोसायटीत राहायचं होतं. सेक्रेटरी विपुलने ठराव लिहिला: मार्ग हाताने लिहिलेलाच राहील, बदल कमिटीच्या मंजुरीनेच. सूचक काका, अनुमोदक काकांचा भाचा.

पंधरवड्यात नाल्याच्या कामावरच्या जेसीबीने जुनी वायर उचकटली. गेटपासून मधल्या स्विचच्या डबीपर्यंत ती शाबूत, म्हणून राउटरचा दिवा हिरवा; राउटर डी विंगचा सगळा माल इमानदारीने त्या तुटक्या वायरीत ओतत राहिला. क्लबहाउसची वायर धडधाकट आणि रिकामी. तेजश्री साहेबाशी बोलताबोलता पडद्यावर गोठली.

मूल कडेवर घेऊन ती सोसायटीच्या ऑफिसात धावली. "एक ओळ बदलायचीय. मी बदलते."

"बदल की," काका म्हणाले. "कोरम होऊ दे. कमिटीतले दोघं लग्नाला माथेरानला गेलेत."

कोरम झाला तोवर साहेबाचाही निर्णय झाला होता. क्लबहाउसच्या मार्गाचा ठराव एकमताने मंजूर झाला. ती ओळ बदलू शकणारी बाई मात्र आता रोज ऐरोलीत होती, आणि मूल सासूकडे. ओळ तशीच राहिली.

वार्षिक सभेत काका म्हणाले, "रस्ता कमिटीच्या हातात हाय, म्हनून बघा. डी विंगची आता एक तक्रार येत नाय."