समुद्राखालचं अंथरूण

दक्षिण जर्मनीतल्या गेर्लिंगेनहून निघालेली भाड्याची मोटरहोम उत्तरेकडे जात राहिली, तसं आभाळ खाली खाली येत गेलं. डोंगर सरले, घरं विरळ झाली. एल्बे नदीच्या बांधाआड, गाईंच्या कुरणाला लागून, अश्वजितनं गाडी उभी केली. त्या दिवशी श्रावण पौर्णिमा होती.

कमलाबाईंनी सकाळीच पांढरं पातळ नेसून अष्टशील, म्हणजे दिवसभरासाठी आठ नियमांचं व्रत, घेतलं होतं. दुपारनंतर अन्न नाही, आणि उंच, मऊ बिछान्यावर निजणं नाही. खामगावला पती दादाराव असताना पौर्णिमेला दोघं अंगणात सतरंजी टाकत. चांदण्यात भिंतीचा चुना दुधासारखा दिसे. दादाराव गेले, पण कमलाबाईंनी एकही पौर्णिमा चुकू दिली नव्हती. ती चुकली तर त्यांच्याशी असलेला धागाच तुटेल, असं त्यांना वाटे.

आणि अश्वजितनं तर आईसाठी गाडीतला सगळ्यात चांगला पलंग राखला होता. मागचा, पायऱ्या चढून जायचा. त्यावर जाड गादी, तीही मुद्दाम विकत आणलेली.

"मी बाहेर गवतावर निजते," त्या म्हणाल्या.

गवत ओलं होतं, आणि खुब्याच्या ऑपरेशनला वर्षही झालं नव्हतं. अश्वजितनं समजावून पाहिलं. सून हर्षानं जेवायचं टेबल खाली करून त्यावर अंथरूण घालते म्हटलं. मग किती उंच म्हणजे उंच, यावर नवराबायकोत जुंपली. शेवटी अश्वजित वैतागला.

"अगं आई, गाडीच चाकांवर उभी आहे. फरशीवर निजलीस तरी उंचच की!"

"म्हणून तर बाहेर म्हणते," कमलाबाई शांतपणे म्हणाल्या.

हर्षाला हसू आवरेना.

एवढा वेळ नऊ वर्षांची धम्मदीपा दारात उभी राहून ऐकत होती. मराठी तिला सगळं कळे, पण उत्तर जर्मनमध्येच यायचं. तिनं आजीचा हात धरून तिला कुरणात आणलं आणि बोट दाखवलं. बांधाच्या माथ्यावरून एक प्रचंड मालवाहू जहाज सरकत चाललं होतं. आवाज नाही, घाई नाही. गाई खाली चरत होत्या आणि जहाज त्यांच्याही वरून जात होतं.

धम्मदीपा भराभर जर्मनमध्ये सांगू लागली. अश्वजितनं उलगडून सांगितलं: इथली जमीन समुद्राच्या पातळीहून खाली आहे. पाणी सतत उपसतात, म्हणून कुरणं दिसतात. मग पोर थांबली, शब्द शोधू लागली.

"आज्जी, बोट वर आहे. आपण खाली. तुझा बेडपण खाली."

कमलाबाई बराच वेळ बांधाकडे बघत राहिल्या. शील फूटपट्टीनं मोजायचं नसतं, असं दादाराव म्हणाले असते. आणि मग मिशीतल्या मिशीत हसलेही असते.

"गादी तेवढी काढ," त्या अश्वजितला म्हणाल्या. "सतरंजी घाल."

त्यानं गादी उचलली.

फळीवर आडव्या झाल्या तेव्हा खिडकीत अजून संधिप्रकाश रेंगाळत होता, आणि तांबूस चंद्र कुरणावर नुकता टेकल्यासारखा होता. धम्मदीपा शेजारी येऊन घुसली. आपल्या डोक्यावरून मासे जातात का, असं तिनं जर्मनमध्ये विचारलं. कमलाबाईंना ते कसं कोण जाणे, कळलं.

"जातात हो," त्या पुटपुटल्या, आणि पाण्याखाली सोडावा तसा त्यांनी श्वास हलकेच सोडला.