सातवा ठोका गिळणारं इंजिन

"वाजव तुहं ते," बँडमास्तर उकंडरावांनी आसेगावच्या वेशीत वरात थांबवून देवमनला सांगून टाकलं. "पन लोकायचं नाचनं थांबलं, त उद्यापासून फकत इंजिनंच दुरुस्त कर."

देवमन पोटासाठी विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचा आणि लग्नसराईत उकंडरावांच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचा. दोन वर्षांपूर्वी, चौऱ्याहत्तर साली, ट्रान्झिस्टरचा काटा फिरवताना त्याला कुठल्याशा परदेशी स्टेशनवर अजब संगीत सापडलं. गिटार लोखंड कापल्यासारखी ओरडत होती, सॅक्सोफोन आपल्याच नादात भटकून येत होता आणि ताल मोजायला जावं तर बोटं चुकत होती. बायको अंजना म्हणाली, रेडिओ बिघडला. हा पठ्ठ्या मात्र पार येडा झाला. मरण्याआधी एकदा तरी असलं काही आपलं, चार लोकांपुढे वाजवायचं, हे त्याच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

ताल त्याला मारोतरावांच्या विहिरीवर मिळाला. त्यांचं इंजिन सहा ठोके धड मारी आणि सातवा गिळून टाकी. कितीदा दुरुस्त करा, आठ दिवसांत पुन्हा तेच. देवमनने तोच ताल उचलला. वखराची पास, म्हणजे त्याचं लोखंडी पातं, बांबूला टांगून ढोलवाल्याच्या हाती हातोडी दिली, बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या हेमसिंगला काशाची थाळी घेऊन बोलावलं आणि वर आपली क्लॅरिनेट. आज लग्नही मारोतरावांच्याच मुलीचं होतं.

वाजायला लागलं आणि वऱ्हाडी अडखळले. एक दुसऱ्यावर आदळला, तिसऱ्याची टोपी पडली. उकंडरावांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात व्याह्यांना सामोरे आलेले मारोतराव हातातला हार शेजाऱ्याच्या हातात कोंबून विहिरीच्या वाटेनं धावत सुटले. पोरीचं लग्न सोडून बाप चालला कुठे, कोणालाच कळेना. देवमन मात्र वाजवत राहिला.

मारोतराव धापा टाकत परतले. "माहं इंजिन त बंद हाय. मंग हे काय वाजून राह्यलं?"

देवमनने क्लॅरिनेट खाली घेतली. "तुमचंच इंजिन हाय, मारोतभाऊ. म्या फकत त्याले सूर लावला."

मारोतराव हसता हसता खालीच बसले. हेमसिंगने पुन्हा थाळी धरली. मारोतरावांची बायको तुळसाबाई पुढे झाली, सहा पावलं टाकली आणि सातव्याला डौलात थबकली. मग काय विचारता! सारं आसेगाव सहा पावलं नाचू लागलं, सातव्याला थबकू लागलं. ते इंजिन वर्षानुवर्षं सगळ्यांच्या कानांत बसलेलं. पाहुणे तेवढे एकमेकांचे पाय तुडवत होते, पण हसत होते तेही.

नवरदेवाचे वडील दौलतराव घाम पुसत उकंडरावांजवळ आले आणि हे कोणत्या सिनेमातलं म्हणून विचारू लागले. उकंडराव म्हणजे बँडातली प्रत्येक चांगली गोष्ट आपल्या नावावर सांगणारा माणूस. त्याने एकवार देवमनकडे पाहिलं.

"सिनेमातलं नाई, पावनं. हे देवमनचं हाय."

देवमनने ते ऐकलं. त्याने क्लॅरिनेट तोंडाला लावली, पण ओठ काही केल्या जुळेनात. हसू आवरत नव्हतं आणि डोळेही भरून आले होते. मग नुसती पास आणि थाळीच वाजत राहिली, आणि वरात क्लॅरिनेटशिवाय नाचत मांडवापर्यंत गेली.