गाडीची नजर

डाळ मिलवाल्या पुंडलिकरावांनी परदेशी महागडी गाडी घ्यायचं मनावर घेतलं आणि बोरी अरब गावात दुसरा विषयच उरला नाही. दारव्ह्याच्या सराफानं तसली गाडी घेतली नव्हती, नेरच्या कापूस-जिनिंगवाल्यानं घेतली नव्हती, आणि शर्टाची बटणं खालीवर लावून फिरणारा हा गृहस्थ घेणार! लोकांची करमणूक चालली होती. त्यांच्या बायकोला, विमलताईंना मात्र हसू येत नव्हतं.

"नजर लागन गाडीले," त्या नवऱ्याला रोज सांगत. "नका घेऊ."

"मीठ-मिरच्या ओवाळ न मंग," पुंडलिकराव हसत. "तुले कोण अडवते?"

खरी गोष्ट निराळीच होती, पण ती बाईंच्या ओठांवर येत नव्हती. दिवेलागणीनंतर नवऱ्याला दिसत नाही, हे त्यांनी उन्हाळ्यातच ओळखलं होतं. कप उचलायला गेलेला हात बशीच्या पलीकडे जाई. अंगणातल्या बाजेला अडखळले, की पुंडलिकराव बाजेवरच खेकसत. डोळ्यांचं नाव काढलं तर भरल्या ताटावरून उठत. म्हणून बिचाऱ्या बाई नजर लागण्याच्या आडून बोलत. अशा माणसाच्या हाती तसली गाडी गेली तर काय होईल, या धास्तीनं त्यांची झोप उडाली होती.

दसरा झाला आणि नागपूरहून कंपनीची अर्पिता गाडी दाखवायला आली. यायची होती दुपारी, पोचली दिवस मावळताना.

"काका, चालवून बघा ना!"

"उद्या सकाळी पाहा," विमलताई घाईनं म्हणाल्या. "आता अंधार पडून राह्यला."

"बस मांगं," पुंडलिकराव बायकोला म्हणाले आणि स्वतः दार चाचपून स्टिअरिंगवर बसले.

अर्पिता शेजारी, विमलताई मागे. गाडी गावाबाहेर पडली. विमलताईंनी पदराचं टोक मुठीत आवळलं होतं. अर्पिता गाडीचे गुण गात होती. "समोर काही आलं ना काका, तर ही स्वतःच ब्रेक लावते. हिला सगळं दिसतं."

"हेच पायजे मले," पुंडलिकराव इतक्या घाईनं म्हणाले, की विमलताई चमकल्या. नवरा डोळे विकत घ्यायला निघाला होता, हे त्यांना आत्ता कळलं.

पुढे डांबरी रस्त्यावर कोणी सोयाबीन वाळत घातलं होतं. कुणाचं चाक जाऊ नये म्हणून कडेनं दगड लावलेले. वाकून सोयाबीन गोळा करणारी गावातली सुखीबाई विमलताईंना गाडीच्या उजेडात लांबूनच दिसली. आता वळवतील, आता थांबवतील. गाडी सरळच जात होती. त्यांनी ओरडायला तोंड उघडलं.

गाडी खाडकन थांबली. विमलताईंचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. दगड चाकाखाली गेले होते आणि सुखीबाई हातभर अंतरावर झाडायचा फडा उगारून उभी होती.

"बघितलं?" अर्पिता म्हणाली खरी, पण पुढे गाडीचे गुण सांगायचे ती विसरली.

पुंडलिकराव डोळे ताणून काचेतून पाहत होते.

"काहून थांबली?" त्यांनी विचारलं.

अर्पितानं वळून विमलताईंकडे पाहिलं.

"विमल, समोर कोन हाय?"

"सुखीबाई."

"लागलं का तिले?"

"नाही. शिव्या देऊन राह्यली."

पुंडलिकरावांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"मले वाटलं, गाडीले दिसते तं भागून जाईन," ते म्हणाले. मग बायकोकडे वळले. "तू ते नजरेचं म्हणे... ते माह्याच नजरेचं होतं का वं?"

विमलताईंना तो एक शब्द काढणं फार जड गेलं. "हो."

पुंडलिकरावांना उतरायचं होतं, पण आतली कडी हाताला लागेना. विमलताईंनीच बाहेरून दार उघडलं, कोपराला धरून त्यांना मागच्या सीटवर आणलं. सुखीबाईची माफी मागून अर्पितानं गाडी वळवली.

"गाडी नको आपल्याले," पुंडलिकराव म्हणाले. त्यांनी बायकोचा हात घट्ट धरला होता. "उद्या यवतमाळले जाऊ, डोये दाखवू. मले लय भेव लागून राह्यलं, विमल."

"मले तं उन्हाळ्यापासून लागून राह्यलं," विमलताई म्हणाल्या.