मास्तरांचा राहिलेला डाव

बुद्धिबळ क्लबाचा एक जुना नियम होता. स्पर्धा चालू असताना एखादा सभासद वारला, तर त्याचा राहिलेला डाव घरच्या कुणीतरी खेळायचा आणि निकाल त्याच्याच नावावर लावायचा. मरणाचं निमित्त करून कुणी हार टाळू नये, हा त्यामागचा उदात्त हेतू.

टेलरमास्तर गेले तेव्हा त्यांचा एकच डाव राहिला होता, काळ्या मोहऱ्यांनी, दातांच्या डॉक्टरांशी. काळे मोहरे हाती आले की मास्तर ‘ड्रॅगन’ नावाचा जहाल बचाव मांडायचे आणि डॉक्टरांकडून दरवेळी मार खायचे. क्लबात त्या बचावाचं पार हसं झालं होतं. तो खोटा नाही, हे एकदा दाखवायचं, एवढ्यासाठी मास्तरांची मुलगी त्यांच्या खुर्चीत येऊन बसली.

“पोरी, बरोबरी करू या का? सगळ्यांचाच मान राहील.”

“डॉक्टरकाका, बाबांना कधी विचारलंत बरोबरीचं?”

“त्याला कशाला विचारू? तो आपणहून हरायचा.”

“मग मलाही हरवूनच बघा.”

डॉक्टरांनी नेहमीसारखं कडेचं प्यादं रेटत तिच्या राजाच्या दाराशी आणलं. मास्तरांचं घोडं इथेच पेंड खायचं. हत्ती देऊन समोरचा घोडा मारला, की कोपऱ्यातल्या उंटाची वाट मोकळी होते आणि पांढरा राजा उघडा पडतो, हे त्यांनीच तिला शिवणयंत्राशेजारी पट मांडून शिकवलं होतं. महागातलं कापड बेधडक कापणारा माणूस, पण हत्ती द्यायची वेळ आली की हात आखडायचा.

तिने हत्ती दिला.

डॉक्टरांचा चहा निवून गेला. बऱ्याच वेळाने त्यांनी स्वतःचा राजा आडवा केला. सेक्रेटरींनी फळ्यावर मास्तरांच्या नावापुढे विजय लिहिला. तो विजय महिनाभर सगळ्यांना ऐकवत सुटायला माणूसच जागेवर नव्हता.

तिला हायसं वाटायला हवं होतं. बचाव खरा ठरला. मग इतकी वर्षं कमी कोण पडलं, हे तिला आत्ता कुठे उमगलं. ती मान खाली घालून मोहरे डब्यात भरू लागली.

“एकदा त्याने याच हत्तीकडे हात नेला होता,” डॉक्टर हळूच म्हणाले. “मीच ‘मास्तर, नीट विचार कर’ म्हणून घाबरवलं. नाहीतर तेव्हाच जिंकला असता.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. ‘अजिबात दुखणार नाही’ हे वाक्य आयुष्यभर चेहरा न बदलता म्हणत आलेला माणूस तो.

“आईला सांगते हं हे,” ती म्हणाली आणि हत्ती डब्यात ठेवला.