नव्या राज्यघटनेची मतपेटी

मी अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या एल्डर क्रीक गावची मतपेटी बोलतेय. अंगाने लाकडी, कुलूप पितळी. निवडणूक आली की माझी धूळ झटकतात. एरवी चर्चच्या जत्रेत माझ्यात सोडतीच्या चिठ्ठ्या पडतात. मान दोन्हीकडे सारखाच.

बाहत्तर सालच्या जूनमध्ये मला शाळेच्या व्यायामशाळेत मांडलं. राज्याला नवी घटना हवी की नको, हे लोकांनी ठरवायचं होतं. सोबत विचारलं होतं, जुगाराला परवानगी द्यावी का? गावात चर्चा रंगली ती जुगाराचीच.

अपवाद एका घराचा. लेनोर स्टेन्सरूड नव्या घटनेसाठी दारोदार फिरली. तिचा नवरा ऑर्विल, मोठा गुरंवाला, गावभर नेमकं उलटं सांगत सुटला. मतदानाच्या रांगेतही दोघांची जुंपली.

"आजोबांपासून जुनी चाललीय. नवी कशाला?"

"नवी वाचलीस का?"

"जुनी तरी कुठे वाचली होती?"

रांग हसली. लेनोर नाही हसली. "पलीकडच्या खोऱ्यात खाणीने ओढा नासवला, ऑर्विल. हिच्यात स्वच्छ पाण्या-हवेचा हक्क लिहिलाय. उद्या आपल्या गुरांवर पाळी आली तर काय दाखवशील, आजोबांचा फोटो?"

ऑर्विल पडद्याआड गेला तो बाहेर येईना. "काका, झोपलात का?" केंद्रावरच्या इंग्रिडने हाक मारली. अखेर त्याचा कागद माझ्या पोटात पडला. जुगाराच्या 'हो'पुढे ठसठशीत फुली. घटनेपुढचे दोन्ही चौकोन कोरे. गावासमोरचा हेका सोडवेना, बायकोचं मन मोडवेना.

घटना जेमतेम मंजूर झाली. कोरी मतं विरोधात धरा, म्हणून विरोधक कोर्टात गेले. कोर्टाने ऐकलं नाही. ऑर्विलचा कागद ना इकडचा राहिला, ना तिकडचा.

काही वर्षांनी खाणवाले आमच्याच ओढ्याशी आले. सभेत सगळ्यांआधी ऑर्विल उठला आणि त्याने हक्काचं ते कलम घडाघडा म्हणून दाखवलं. "आमची घटना आहे ही! मी स्वतः हिच्या बाजूने मत दिलंय!"

लेनोरचे डोळे भरले. "मला कधी बोलला नाहीस रे?"

"डोक्यावर बसली असतीस."

खाणीची परवानगी अडली. ओढा वाचला.

आता मी वाचनालयात काचेआड असते. लेनोर समाधानाने गेली. ऑर्विल काठी टेकत येतो, भेटेल त्याला सांगतो, "याच पेटीत टाकलं मी मत!" मी गप्प. मत गुप्त राखणं हा माझा धर्म. तुमच्यापाशी तेवढा बुडवला. ऑर्विल आहे तोवर कुणाला सांगू नका.