घरातला दुसरा लॅपटॉप

तिने लॅपटॉप उचलून नव्या राउटरच्या पुढ्यात आपटल्यासारखा ठेवला आणि वायफायची यादी पुन्हा उघडली. वरच्या मजल्यावरचं नेटवर्क दिसत होतं, समोरच्या दवाखान्याचंही दिसत होतं. स्वतःच्या घरचं तेवढं नव्हतं.

शनिवारी नवऱ्याने हौसेने राउटर बदलून घेतला, तेव्हापासून हेच चाललं होतं. त्याच्या लॅपटॉपवर सगळं सुसाट. तिने विषय काढला की त्याचं ठरलेलं उत्तर, तुझं डबडं म्हातारं झालंय, टाकून दे. डॉक्टरांनी बोलून रेकॉर्ड केलेले अहवाल ऐकून टाइप करायचं, हे तिचं काम. मोबाइलच्या नेटवर तिने कसंबसं रेटलं, पण आज सकाळी रुग्णालयातून फोन आला, की या आठवड्याचं काम दुसरीला दिलंय. त्यावर तो हसत म्हणाला, बरं झालं, जरा आराम कर. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो ऑफिसला गेला आणि तिने राउटर बसवणाऱ्यालाच बोलावून घेतलं.

त्याने लॅपटॉप पाहिला, मग मोबाइलवर राउटरची सेटिंग उघडली. यातलं वायफायचं कार्ड जुनं आहे, ते फक्त २.४ गिगाहर्ट्झचं नेटवर्क पकडतं, ५चं त्याला दिसतसुद्धा नाही, असं त्याने सांगितलं.

"म्हणजे टाकूनच द्यायचा?"

"छे, कशाला? राउटर दोन्ही देतो. यातलं २.४ बंद करून ठेवलंय, एवढंच."

"कोणी?"

त्याचा मोबाइलवरचा अंगठा थांबला.

"साहेबांनीच सांगितलं होतं, वेग कमी होतो म्हणून. मी विचारलं होतं ताई, घरात आणखी कुणाचा जुना लॅपटॉप आहे का. नाही म्हणाले."

त्या वेळी ती आतल्या टेबलाशी, कानाला हेडफोन लावून टाइप करत बसली होती. तिने समोरचा पेला उचलला आणि होता तिथेच परत ठेवला.

त्याने पिशवीतून नखाएवढा अडॅप्टर काढला. हा लावला की साहेबांचंच नेटवर्क मिळेल, म्हणाला. तिने तो त्याच्याकडे परत सरकवला.

"राहू दे. बंद केलंय ते चालू करा. नाव वेगळं द्या. पासवर्ड मी टाकते."

संध्याकाळी नवऱ्याने मोबाइल चाळता चाळता विचारलं, हे नवीन नेटवर्क कुणाचं?

ती रुग्णालयाला मेल लिहीत होती. तिने मान वर केली नाही.

"आपल्याच घरातल्या लॅपटॉपचं. तू नाही म्हणालास ना, त्याचं."

तिने मेल पाठवला आणि दुसऱ्या एका रुग्णालयाचा पत्ता टाइप करायला घेतला.